होडीचे फेरे

नविनने होडीला मोटर बसवली त्या दिवशी होडी किनाऱ्यावरून मोठ्या रुबाबात निघाली, धरणाच्या पाण्यात एक भलामोठा गोल फेरा मारला आणि निघाली होती त्याच्या जरा अलीकडे येऊन चिखलात टेकली. किनाऱ्यावर त्याचे काका, काकड्याकाका, बिडी ओढत बसले होते.

"आलास?" त्यांनी विचारलं. "लवकर आलास."

नविनने मोटर बंद केली. तो उंबरगावच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करायचा. पट्ट्यावरून सरकणारे डबे वाकडे जायला लागले की त्यालाच बोलावत. तिथे मोठमोठी यंत्रं सरळ चालवणाऱ्या माणसाची होडी गोल फिरावी, हे त्याला पटत नव्हतं.

होडी तशी काकांची. फायबरची, चारपाच माणसं बसतील एवढी. तलासरीच्या पूर्वेला डोंगरांच्या मध्ये जे लहानसं धरण आहे, त्याच्या अलीकडच्या काठावर आंबेपाडा आणि पलीकडच्या काठावर सागपाडा. मधलं पाणी पार करायला वल्ह्याने थोडा वेळ लागायचा. रस्त्याने जायचं तर धरणाला पूर्ण वळसा, आणि त्यात मोरीचं काम निघाल्यापासून वळशाला आणखी एक वळसा. वर्षानुवर्षं काका होडी वल्हवत होते, मासे धरत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पलीकडे सोडत होते. आता त्यांचा खांदा दुखायला लागला होता. म्हणून नविनने विजेवर चालणारी होडीची मोटर मागवली. बॅटरीवर चालते, आवाज नाही, धूर नाही. मागच्या फळीला शिकंज्यासारखी पकडायची, हँडल हातात धरायचं, बटण फिरवायचं. चित्रफितीत एक गोरा माणूस एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने चहा पीत होता.

"उद्या बघू," नविन चिखलात उतरत म्हणाला.

उद्या बघायला हवंच होतं. कारण पुढच्याच आठवड्यात सागपाड्यात त्याच्या मेहुणीचं, संगिताचं, लग्न होतं आणि नविनने सासऱ्यांना शब्द देऊन ठेवला होता.

शब्द दिला तो असा. लग्नाची बोलणी चालू असताना सासरे लडक्यामामा काळजीत होते, की शुक्रीआजीला कसं आणायचं. शुक्रीआजी म्हणजे धवलेरी. इकडच्या लग्नांत भटजी नसतो. बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी त्याच्यासमोर बसून गाते, आणि तिचं गाणं पूर्ण होतं तेव्हा लग्न लागतं. ती नाही तर लग्न नाही. शुक्रीआजी आंबेपाड्याची, गुडघ्यांनी अधू, जीपमध्ये बसली की तिला ओकाऱ्या होत. नविन जेवता जेवता म्हणाला, "मामा, आजीला मी आणतो. मोटरच्या होडीतून. कपातला चहा सांडणार नाय."

लडक्यामामांनी चार माणसांसमोर जावयाची पाठ थोपटली. नविनची बायको शितल तेवढी भाकरी वाढता वाढता थांबली होती.

"मोटर आली का पण?" तिने घरी गेल्यावर विचारलं.

"येईल ना."

"मग आधी येऊ द्यायची होतीस. मग बोलला असतास."

दुसऱ्या दिवशी नविनने काकांना होडीत घेतलं आणि दोष शोधायला सुरुवात केली. पहिला दोष थोड्या वेळात सापडला आणि तो मोटरचा नव्हता. नविन रोज उंबरगावला मोटरसायकलने जायचा. होडी उजवीकडे झुकली की तो हँडल डावीकडे न्यायचा. पण या मोटरचं हँडल डावीकडे नेलं की पाण्यातला पंखा दुसऱ्या बाजूला तोंड करतो आणि होडी आणखी उजवीकडे जाते. म्हणजे आदल्या दिवशी तो जितका चूक सुधारत गेला तितकी होडी गोल फिरत गेली.

"उलटं आहे," नविन म्हणाला. "डावीकडे जायचं तर उजवीकडे."

"मग सरळ जायला?" काकांनी विचारलं.

आता काकांचं असं होतं, की ते जन्मभर वल्ही मारत आले होते. वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो. त्यामुळे सवयीने ते होडीतही पाठमोरेच बसले, नविनकडे तोंड करून. मान वळवून धरणात बुडालेल्या झाडांचे पुढचे खुंट बघायचे आणि ओरडायचे, "डावी घे!" ती डावी त्यांची असायची, म्हणजे होडीची उजवी. आणि नविन घाईत उलटं विसरून हँडल डावीकडे रेटायचा, त्यामुळे होडी उजवीकडे जायची. एकाची चूक दुसऱ्याची चूक खाऊन टाकायची आणि होडी खुंटांमधून सुईत दोरा जावा तशी सुखरूप जायची. दोघांनाही वाटलं, जमलं.

मग काका म्हणाले, "थांब, नीट बघून सांगतो," आणि पुढे तोंड करून बसले. त्यानंतर होडी पाण्यात बुडालेल्या एका सागाच्या खुंटावर गेली.

खुंटावरून सुटल्यावर नविनने काकांना बोलण्याची बंदी केली आणि हँडलची उलटी चाल पाठ केली. त्याने घरातही सराव केला. हातात लाटणं धरून तो ओट्यावर बसायचा आणि मनात वळणं घ्यायचा. शितलने एकदा पाहिलं आणि पोळ्यांसाठी लाटणं परत मागितलं.

तरी होडी उजवीकडे ओढायचीच. मागच्या फळीचा मधला भाग पूर्वी कधी तरी फुटला होता, म्हणून मोटर एका कडेला पकडली होती. नविनने फळीला लाकडी ठोकळा बसवून मोटर मध्यावर आणली. बॅटरी उजवीकडे होती ती डावीकडे ठेवली. होडी आता डावीकडे ओढायला लागली. बॅटरी मध्ये ठेवली. मग होडी सरळ जाऊ लागली, पण हँडल सोडलं की पाण्याखालचा पंखा आपोआप फिरे आणि होडी पुन्हा वळे. सतत धरून धरून नविनच्या मनगटाला रग लागली. चहा पिणाऱ्या गोऱ्या माणसाचा त्याला राग येऊ लागला.

त्याचाही उपाय निघाला. मोटरचा दांडा ज्या प्लास्टिकच्या कडीतून खाली उतरतो, त्या कडीला बाजूने एक काळा स्क्रू असतो. तो आवळला की दांडा जागच्या जागी घट्ट राहतो. नविनने आवळला. कारखान्यातली सवय, त्यामुळे चांगला दोन हातांनी आवळला.

आता होडी इतकी सरळ जाऊ लागली की वळेचना. समोर पाण्यात म्हशी बसल्या होत्या. नविनने हँडल डावीकडे ओढलं, उजवीकडे ओढलं, उभा राहून ओढलं. होडी निष्ठेने सरळ गेली. म्हशींनी ती येताना शांतपणे पाहिली. सगळ्या उठल्या आणि बाजूला झाल्या, एक सोडून. ती उठली नाही. होडी तिच्या कुशीला जाऊन टेकली आणि मोटर बंद होईपर्यंत तिला ढकलत राहिली. म्हशीला ते बहुधा आवडलं असावं, कारण पुढचे काही दिवस होडी दिसली की ती काठाकडे येऊ लागली.

"घट्ट झालंय," काका म्हणाले. बोलण्याची बंदी त्यांनी स्वतःच उठवली होती. "ग्रीस लाव. सगळं खोल आणि आतून ग्रीस लाव. बघ कसं सुटतं ते."

काकांचा सल्ला नविनला पटला, कारण तो त्याच्याही मनात होता. संध्याकाळी ओट्यावर गोणपाट अंथरून त्याने मोटर खोलली. हँडल सोडवलं, डोकं सोडवलं, कडी सोडवली, सगळ्याला पंपाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस चोपडलं आणि सगळं परत जोडलं. जोडून झाल्यावर गोणपाटावर एक बोल्ट उरला. लहानसा, करंगळीच्या नखाएवढा.

"हा कशाचा?" शितलने विचारलं.

नविनने तो फिरवून फिरवून पाहिला. "जास्तीचा दिसतोय. कंपनी देते एखादा जास्तीचा. हरवला तर असावा म्हणून."

"आतून निघालेला जास्तीचा?"

"ठेवतात आतच. बाहेर ठेवला तर हरवेल ना."

बोल्ट खिडकीत ठेवला गेला. सकाळी चाचणी झाली. होडी लोण्यातून जावी तशी गेली. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. नविनने एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने चहा पिण्याचा प्रयत्न केला आणि तो जमला. थोडा सांडला, पण जमला.

लग्नाच्या दिवशी शितल आदल्या रात्रीपासूनच माहेरी होती. दुपार कलल्यावर नविन नवा पांढरा शर्ट घालून, सासऱ्यांनी दिलेला गुलाबी फेटा बांधून होडीजवळ आला. शुक्रीआजी आली. हातात काठी, अंगावर नवं लुगडं. तिच्याबरोबर जयवंतीमावशी होती, कारण धवलेरीच्या मागे गाणं उचलायला जोडीदारीण लागते. मावशीच्या कडेवर पितळेची परात, परातीत नारळ, हळदकुंकू, तांदूळ आणि बाटलीत देवाची ताडी. नविनने मोटरबरोबर नारंगी जाकिटं मागवली होती. बुडू नये म्हणून घालायची ती. मावशीने हसत घातलं. शुक्रीआजीने जाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं.

"हे कशाला?"

"आजी, पाण्यात पडलीस तर तरंगशील."

"तू पाडणार आहेस का?"

"नाय. पण नियम आहे."

आजीने लुगड्यावरून जाकीट चढवलं आणि नविनने त्याची बकलं लावून दिली. ती जाडजूड, नारंगी आणि अतिशय गंभीर दिसू लागली.

काकांना रात्रीपासून ताप भरला होता, त्यामुळे ते येणार नव्हते. तरी ते काठापर्यंत दोन्ही वल्ही खांद्यावर घेऊन आले. "ही असू दे आत."

"काका, जागा कुठंय? आणि मोटर असताना वल्ही कशाला? मोटरसायकलला बैल बांधून नेतं का कोण?"

काकांनी वल्ही वाळूत ठेवली आणि त्यांच्यावर बसून बिडी पेटवली.

होडी निघाली. अर्ध्या वाटेपर्यंत कुणालाच काही तक्रार नव्हती. पलीकडे सागपाड्याचा मांडव दिसत होता, डीजेची धडधड पाण्यावरून येत होती. नविनला वाटलं, सासरच्या माणसांच्या समोर जरा वेगात जाऊ. त्याने बटण पूर्ण फिरवलं. तीन माणसं, परात, बॅटरी, एवढं ओझं ढकलायला पंख्याने जोर लावला. आणि हँडलच्या आत काही तरी 'टक' वाजलं.

होडी उजवीकडे वळू लागली. नविनने हँडल उजवीकडे नेलं, उलटी चाल बरोबर पाठ होती. होडी उजवीकडेच वळत राहिली. त्याने हँडल डावीकडे नेलं. होडीला काही फरक पडला नाही. मग त्याने हँडल पूर्ण गोल फिरवलं आणि ते पंख्यासारखं सहज, कुठेही न अडता, गोल फिरलं. हँडल आणि दांडा यांना एकत्र ठेवणारा बोल्ट आंबेपाड्याच्या खिडकीत होता. वरचं हँडल वर मोकळं होतं आणि खालचा पंखा खाली मोकळा होता. मध्ये नुसतं ग्रीस होतं.

होडीने एक फेरा पूर्ण केला. मांडव पुन्हा समोर आला.

"हा मांडव मघाशी गेला ना?" शुक्रीआजीने विचारलं.

"तोच आहे आजी. जरा वळणावरून घेतोय."

दुसऱ्या फेऱ्यात नविनने मोटर बंद केली. होडी थांबली, पण पश्चिमेचा वारा सुटला होता. तो होडीला हळूहळू खुंटांच्या दाटीकडे नेऊ लागला. फायबर आणि सागाचे खुंट यांची ओळख नविनला आधीच झाली होती. त्याने मोटर पुन्हा चालू केली. होडी फिरू लागली. फिरत राहिली की निदान जागच्या जागी राहत होती.

"परात द्या मावशी, वल्हवतो."

"परात?" जयवंतीमावशीने परात छातीशी धरली. "देवाची आहे. तिने पाणी मारशील?"

नविन हातांनी पाणी मारून बघू लागला. आंबेपाड्याच्या काठावरून काका उभे राहून ओरडत होते, "डावी घे! डावी!" कुणाची डावी, हे विचारायची सोय नव्हती. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. लडक्यामामा.

"जावई, कुठवर आलात?"

"दिसतोय का मामा तुम्हाला?"

"दिसताय ना. आत्ता तोंड दिसलं." थोडा वेळ गेला. "आता पाठ दिसतेय." आणखी थोडा वेळ. "आता पुन्हा तोंड. काय चाललंय?"

"जरा... मोटर सेट करतोय मामा."

"नवऱ्याकडची माणसं काठावर येऊन उभी राहिलीत. चौक लिहून झाला. सगळं अडलंय. त्यांच्यातला एक म्हातारा विचारतोय, धवलेरीला उतरायचं नाय का?"

"उतरायचंय मामा. तिला पण उतरायचंय."

मागून शितलचा आवाज आला, "फोन दे बाबा," आणि मग थेट कानात, "तो बोल्ट आठवतोय का?"

नविनने फोन खिशात ठेवला. त्याला बोल्ट आठवत होता. गेले चार फेरे दुसरं काही आठवतच नव्हतं. आपण मेहुणीचं लग्न अडवलं, आता जन्मभर सागपाड्यात जेवायला बसलं की कुणी तरी ताटाभोवती पाणी गोल फिरवून दाखवणार, हेही त्याला दिसत होतं. घामाने शर्ट भिजला आणि ग्रीसने बाह्या पिवळ्या झाल्या.

तो मागच्या फळीवर पोटावर झोपला आणि दांडा सरळ हातांनी धरून फिरवू लागला. दांडा धरता येईना. ग्रीस त्याने सढळ हाताने लावलं होतं. हात सटकायचे आणि त्याचं नाक फळीवर आपटायचं.

इकडे शुक्रीआजीने सूर्याकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, तो गेला, आला, तेव्हा पुन्हा पाहिलं. मग ती जयवंतीमावशीला म्हणाली, "किती वेळ लागेल याला काय माहीत. पाण्याचं गाणं इथंच उरकून घेऊ. तिकडं जाऊन तेवढं कमी." आणि तिने गायला सुरुवात केली. आधी नदीला बोलावलं, मग तळ्याला, मग पावसाच्या देवाला. मावशीने मागून ओळ उचलली. आजीचा आवाज मोठा होता. सागपाड्यातल्या कुणी तरी डीजे बंद केला. पाण्यावर एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत दोन नारंगी बायका गात गात गोल फिरू लागल्या, मागे गुलाबी फेट्यातला एक माणूस पाण्याला दंडवत घातल्यासारखा पालथा पडलेला.

फेट्याची आठवण नविनला त्याच वेळी झाली. त्याने तो सोडला आणि निसरड्या दांड्याभोवती गच्च गुंडाळला. आता पकड आली. पण पाण्याचा जोर एवढा होता की नुसत्या पकडीने दांडा वळेना. लांब काही तरी हवं होतं.

"आजी, काठी दे."

आजीने गाणं न थांबवता काठी पुढे केली. नविनने ती फेट्याच्या टोकाने दांड्याला करकचून बांधली. होडीच्या आतल्या बाजूला जागा नव्हती, म्हणून काठीचं टोक होडीबाहेर, मागे ठेवावं लागलं. त्याने काठी उजवीकडे ढकलली, कारण डावीकडे जायचं होतं आणि उलटी चाल आता त्याच्या हाडात मुरली होती. होडी आणखी जोरात उजवीकडे वळली.

काठी मागे बांधल्यामुळे उलट्याचं पुन्हा सुलटं झालं होतं. आता डावीकडे म्हणजे डावीकडेच. मोटरसायकलसारखं. हे लक्षात यायला आणखी एक फेरा गेला.

मग होडी सरळ झाली. मांडव समोर आला आणि समोरच राहिला. नविन गुडघ्यांवर बसून, मागे हात करून, काठी धरून होता. होडी सागपाड्याच्या काठाला लागली तेव्हा आजीचं पाण्याचं गाणं नुकतंच संपत आलं होतं. शेवटची ओळ तिने काठावर पाय टेकता टेकता म्हटली.

नविन मान खाली घालून उतरला. हसू येईल, शिव्या येतील, दोन्हीची त्याने तयारी ठेवली होती. पण काठावर कुणीच काही बोलत नव्हतं. नवऱ्याकडचा तो म्हातारा पुढे आला, आजीच्या पाया पडला आणि मग नविनच्याही खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमच्याकडं पाण्याला एवढा मान कोण देत नाय आता. धवलेरीला पाण्यावर फेरे घालून आणली. कुठली रीत ही? तुमच्या पाड्याची?"

नविनने तोंड उघडलं. लडक्यामामांनी त्याच्या दंडाला धरलं. "जुनी आहे," ते म्हणाले. "फार जुनी."

लग्न लागलं. आजीच्या जाकिटाची बकलं कुणालाच काढता येईनात, नविन हात धुवायला गेला होता, म्हणून ती जाकीट घालूनच चौकासमोर बसली आणि गायली. नवऱ्याकडच्यांना तीही रीतच वाटली. अंधार पडता पडता काकड्याकाका मोटरसायकलवर मागे बसून, धरणाला वळसा घालून, तापात, खांद्यावर दोन्ही वल्ही घेऊन मांडवात पोचले. त्यांनाही कुणी काही विचारलं नाही. पोरांनी उठून वाट दिली आणि वल्ही मानाने मांडवाच्या खांबाला उभी करून ठेवली.

शितलने रात्री फक्त एवढंच विचारलं, "आता बसवशील का तो?"

नविनने बोल्ट बसवला. सगळं ग्रीस पुसून काढलं, काळा स्क्रू दोन बोटांनी हवा तेवढाच आवळला. होडी आता कुणी लहान पोराने चालवली असती तरी सरळ गेली असती. काका एकटे जाऊन मासे धरून येऊ लागले. परत येताना त्यांचा चहा सांडतही नसे.

पावसाळ्याआधी पलीकडच्या एका पाड्यावरून सुदाम नावाचा गृहस्थ आला. त्याच्या मुलाचं लग्न होतं. मोबाईलमध्ये त्याने संगिताच्या लग्नातला कुणी तरी काढलेला व्हिडिओ दाखवला. तो व्हिडिओ डहाणूपर्यंत पोचला होता म्हणे.

"हे पाहिजे," सुदाम म्हणाला. "असंच."

"होडी आहे ना," नविन म्हणाला. "आता एकदम सरळ नेते. बसलात की उतरलात."

"सरळ नको. फेरे पाहिजेत. आणि जाकिटं."

नविन प्रामाणिक माणूस होता. त्याने सुदामला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, बोल्ट, ग्रीस, खिडकी. सुदामने शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हाला सांगायचं नसेल तर नका सांगू," तो उठत म्हणाला. "आम्ही बाहेरचे. पण फेरे घाला."

नविन शुक्रीआजीकडे गेला. ती तरी खरं सांगेल, असं त्याला वाटलं. आजी अंगणात मिरच्या निवडत होती.

"आजी, लोकांना वाटतंय ती रीत आहे. तू तर होडीत होतीस. तू सांग त्यांना, मोटर बिघडली होती म्हणून."

आजीने एक सडकी मिरची बाजूला टाकली. "संगिता कशी आहे?"

"बरी आहे. सुखात आहे."

"मग मी कशाला सांगू?"

त्यामुळे सुदामच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी नविनने आजीला आणि जयवंतीमावशीला जाकिटं घालून होडीत बसवलं. अर्ध्या वाटेवर मोटरचं हँडल एका बाजूला धरलं आणि फेरे घालायला सुरुवात केली. मोटर उत्तम चालत होती. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या रेघेवरून जात होता. काठावर माणसं मोबाईल धरून उभी होती. आजीने पाण्याचं गाणं सुरू केलं, दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. तिने मागे वळून नविनकडे पाहिलं.

"काय झालं आजी?"

"त्या दिवशी फेरे बरे पडले होते रे," ती म्हणाली. "आज तू घालतोयस असं दिसतं."

एवढं बोलून तिने गाणं पुन्हा उचललं. नविन हँडल धरून बसून राहिला, आणि मोटर दुरुस्त केल्याचा त्याला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.